आई बरी आहे, भाऊ

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण: मोठ्या शहरात येऊन माणूस हरवतो असं म्हणतात. मी हरवणाऱ्यांतला नाही, याची कुठेतरी नोंद असावी.

मुंबईत येण्याचा निर्णय पूर्णपणे माझा. रेवतीला बँकेत प्रमोशन मिळालं आणि तिची बदली इकडे झाली हे खरं. तिने मला विचारायच्या आधी होकार कळवून टाकला हेही खरं. पण त्यानंतर शांतपणे विचार करून तो निर्णय मीच घेतला. मग मीही विमा कंपनीत बदली मागून घेतली आणि सईचं नाव इथल्या शाळेत घातलं (म्हणजे रेवतीने घातलं, मी रिक्षा थांबवून ठेवली होती).

सांगलीत मला कोण ओळखत नव्हतं? भाजी आणायला गेलो तर परत यायला तास लागायचा, इतके लोक थांबवायचे. इथे मुलुंड पूर्वेत आमच्याच सोसायटीचा वॉचमन मला अजून रोज विचारतो, किसके यहाँ जाना है? आज त्याला ठणकावून सांगितलं की माझ्याच घरी जायचंय. त्याने व्हिजिटरच्या रकान्यात सही करायला लावली. केली. शिस्तीचा मी भोक्ता आहे.

संकल्प: इथला एक तरी मोठा माणूस मला नावाने ओळखला पाहिजे. मुकुल म्हणून. एकाने ओळखलं की बाकीचे आपोआप ओळखतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

संकल्पाने वेग घेतला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाऊंचं जनसंपर्क कार्यालय आहे. भाऊंचं खरं नाव चंद्रप्रकाश, पण ते फक्त बॅनरवर. माजी नगरसेवक आहेत, पुन्हा उभे राहणार असं सगळे म्हणतात. रोज सकाळ-संध्याकाळ कार्यालयाबाहेर खुर्ची टाकून बसतात. शेजारी त्यांचा उजवा हात सुयोग, दोन्ही कानांना दोन फोन.

दूध घेऊन परत येत होतो. रस्त्यावर भरपूर माणसं होती. एवढ्या माणसांतून भाऊंनी मला हात केला. जवळ बोलावलं. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, काय, आई बरी?

आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

पण एका हातात दुधाची पिशवी, दुसरा हात भाऊंच्या हातांत, मागे माणसं ताटकळलेली. अशा वेळी काय सांगणार? समोरच्याने एवढ्या जिव्हाळ्याने विचारावं आणि आपण त्याला एकदम खजील करावं हे मला जमत नाही. मी म्हणालो, बरी आहे, भाऊ.

घरी येऊन रेवतीला सांगितलं. ती म्हणाली, अरे मग तेव्हाच सांगून टाकायचंस ना, त्यात काय. मी म्हणालो, तुला पब्लिक लाइफ कळत नाही. ती डबा भरत होती, पुढे काही बोलली नाही. म्हणजे पटलं असावं.

९ नोव्हेंबर, रविवार

भाऊंनी आज पुन्हा विचारलं. हा निव्वळ योगायोग नाही.

निरीक्षण: माझ्या पुढे एक पेपरवाले होते. त्यांनाही भाऊंनी विचारलं, आई बरी? माझ्या मागे जिमची बॅग घेतलेला एक टकला होता. त्यालाही तेच. दोघांनीही बरी म्हणून सांगितलं. या भागातल्या आयांची तब्येत एकंदरीत चांगली दिसते. मात्र त्यांना विचारताना भाऊंचे दोन्ही डोळे फोनवर होते. मला विचारताना एकच.

नुसतं 'बरी आहे' म्हणणं कोरडं वाटतं, म्हणून आज जोड दिली, गुडघे दुखतात जरा. भाऊ म्हणाले, तिळाचं तेल कोमट करून चोळा, रात्री झोपताना.

आईचे गुडघे खरंच दुखायचे. शेवटी शेवटी ती जिना उतरताना एकेका पायरीला थांबायची आणि कठड्यावरची धूळ पुसतेय असं दाखवायची. येताना वाण्याकडून तिळाचं तेल घेतलं. घरी रेवतीने विचारलं की हे कशाला. फोडणीला, म्हणालो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भाऊंच्या भोवती माणसं पुष्कळ आहेत, पण विचार करणारं कोणी दिसत नाही. ही पोकळी मी भरून काढणार. 'मुलुंड पूर्व: पुढची वीस वर्षं' असा आराखडा लिहायला घेतला आहे. पहिला मुद्दा फूटपाथ. दुसरा मुद्दा वॉचमन लोकांचं प्रशिक्षण. तिसऱ्या मुद्द्यापाशी सईने प्रोजेक्टसाठी थर्माकोल कापून मागितला. कापला. बोटही थोडं कापलं. आराखडा उद्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आराखडा उद्या.

आईला खोकला झाला होता, तो आता कमी आहे. परवा तिने कोथिंबिरीच्या वड्या मागितल्या. काल टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनेवर चिडून जेवली नाही. हे सगळं मी भाऊंना सकाळी थोडक्यात सांगतो. ते हं हं म्हणतात. ऐकणारा माणूस आहे.

हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. गेल्या अकरा वर्षांत मला कोणी आईबद्दल काही विचारलं नव्हतं. पहिलं वर्षश्राद्ध झालं की लोक विचारायचं बंद करतात. त्यांचं चुकतं असं नाही, विचारून करणार काय? पण सकाळी सकाळी कोणीतरी आपला हात धरतं आणि आई बरी ना म्हणून विचारतं, तर दिवसभर ऑफिसात बरं वाटत राहतं. हल्ली मी दूध सकाळी अर्धाच लिटर आणतो. म्हणजे संध्याकाळी परत जायला निमित्त होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मोठी बातमी. आमच्या घराला मान मिळाला आहे.

सकाळी सुयोगने थांबवलं. म्हणाला, साहेब, आईंचं वय काय? असती तर शहात्तर. मी शहात्तर म्हणालो. म्हणाला, झकास, बसतंय. मग नाव विचारलं. इंदुमती, म्हणालो. त्याने ते फोनमध्ये घातलं आणि मला कळेपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. सात डिसेंबरला भाऊंचा वाढदिवस. त्यानिमित्त मैदानात मातृवंदन सोहळा. वॉर्डातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या सगळ्या मातांचा स्टेजवर जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ आणि भाऊंचा फोटो असलेलं भिंतीवरचं घड्याळ.

मी सुयोगला थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

किरकोळ अडचण आहे हे मान्य. पण उपाय सोपा आहे. त्या आठवड्यात आई सांगलीला गेलेली असेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आई सांगलीला गेल्याचं सुयोगला सांगितलं. तो म्हणाला, टेन्शन नका घेऊ साहेब, गाडी पाठवतो ना. मी म्हणालो, तिला गाडी लागते. तो म्हणाला, मग ट्रेनचं बघतो, खालचा बर्थ, आपला माणूस आहे. मी म्हणालो, तिला एकटीला सवय नाही. एवढ्यात भाऊ खुर्चीतूनच म्हणाले, त्यांना त्रास नको रे, मीच जातो सांगलीला नमस्कार करायला, पत्ता घे.

किती साधा माणूस. अशा माणसाला आपण त्रास द्यायचा? मी म्हणालो, नको नको भाऊ, ती परवाच परत येतेय.

थोडक्यात, आई परत आली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आता एकच मार्ग. खरं काय ते सांगून टाकायचं. किंवा खऱ्याच्या जवळचं काहीतरी, म्हणजे अचानक झालं वगैरे.

बाथरूममध्ये आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. आवाज चांगला लागला. खाली गेलो. भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हणालो, भाऊ, आई. ते कान पुढे करून थांबले. सुयोगनेही एक फोन खाली घेतला.

तोंडातून निघेना. एकदा सगळ्यांना सांगून झालंय माझं. मिरजेच्या हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून मामाला, मावशीला, ऑफिसला, एकेकाला फोन लावून तेच वाक्य बोललो होतो. पुन्हा ते वाक्य बोलायची वेळ येणार असेल तर मी नाही बोलणार. मी म्हणालो, आई तुमची फार आठवण काढते.

भाऊ प्रसन्न झाले. ते म्हणाले, त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवायला सांगतो. वाट लागली.

२ डिसेंबर, मंगळवार

रेवतीला सगळं सांगितलं. शांत वेळ निवडली होती, पण ती तेवढ्यापुरतीच शांत होती.

ती म्हणाली, वेडा आहेस का रे तू? मेलेल्या बाईचा सत्कार ठरवून आलास? मी म्हणालो, मी ठरवला नाही, तो ठरला. ती म्हणाली, एका माजी नगरसेवकासमोर तुझ्या तोंडून 'नाही' निघत नाही, आणि म्हणे मुलुंडच्या पुढच्या वीस वर्षांचं प्लॅनिंग करतोय. आराखडा तिने वाचलेला दिसतो. सई सोफ्यावर पडून हसत होती. दहा वर्षांच्या मुलीला एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं, मला कळलं नाही.

सासूबाई बदलापूरहून आल्या आहेत, आठवडाभर राहणार आहेत. मूळच्या चिपळूणच्या, बोलणं सरळ आणि सुरीसारखं. त्या खाली बसून पावटे सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, शाल कसली देतायत, लोकरीची की तसलीच चकचकीत?



त्या म्हणाल्या, ह्यांच्या रिटायरमेंटला हॉलभर माणसं जमली होती. शाल घातली, फोटो निघाले, सगळ्यांची भाषणं झाली. मी मागे चहा गाळत होते. शेवटी कोणीतरी म्हणालं, वहिनींना बोलवा, तोपर्यंत फोटोवाला निघून गेला होता. मी बसेन त्या खुर्चीवर. कोणाची का असेना खुर्ची.

रेवती म्हणाली, आई, पण खोटं. सासूबाई म्हणाल्या, मी जावयाची आईच लागते की. ह्यात खोटं काय आहे?

प्रश्न फक्त वयाचा राहिला. सासूबाई एकाहत्तरच्या आहेत आणि शहात्तर ऐकून त्यांचा चेहरा उतरला. शेवटी असं ठरलं की मी भाऊंना, म्हातारी वयाच्या मानाने फार तरुण दिसते, असं माइकवरून म्हणायला सांगेन. सांगेन म्हणालोय.

५ डिसेंबर, शुक्रवार

सुयोगचा फोन. मातांपैकी एकीच्या चिरंजीवांनी दोन शब्द बोलायचेत. बाकीच्यांचे चिरंजीव कोणी पुण्याला, कोणी दुबईला, कोणी त्या वेळी मैदानाबाहेर पार्किंग शोधत असणार. मीच बोलायचं.

मी इतके दिवस म्हणत होतो ना, या माणसाने मला हेरलं आहे म्हणून. आईवर एक मिनिट, मग आराखड्यातले मुद्दे. दोन तयार आहेत, बाकीचे स्टेजवर सुचतील. सकाळपासून आवाजाला जपतोय. रेवती म्हणाली की मुद्दे नकोत. बघू.

७ डिसेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहितो, कारण असा दिवस पुन्हा येणार नाही.

मैदानात मांडव. पुढे माता, मागे आम्ही. सासूबाईंनी मोरपंखी साडी नेसली होती, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. निवेदकाने पुकारलं, श्रीमती इंदुमती. कोणी उठेना. पुन्हा पुकारलं. सासूबाई आपल्या शेजारणीकडे बघतायत की ही उठत कशी नाही. शेवटी सई पुढे धावली आणि म्हणाली, आजी, तूच. निवेदक माइकवर म्हणाला, वयोमानाने ऐकू कमी येतं, टाळ्या. सासूबाईंनी स्टेजवर जाऊन त्याच्या हातातला माइक आपल्याकडे ओढला आणि सांगितलं की मला सगळं ऐकू येतं, चष्माही फक्त वाचायला लागतो. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. भाऊंनी वाकून नमस्कार केला, शाल घातली. सासूबाई शालीचं टोक दोन बोटांत धरून तपासत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि फोटोवाल्याकडे बघत राहिल्या, तो खाली उतरेपर्यंत.

मग चिरंजीव म्हणून मला बोलावलं.

खिशात मुद्द्यांचा कागद होता. माइक हातात घेतला, समोर बघितलं. पहिल्या रांगेत सगळ्या म्हाताऱ्या, मांडीवर नारळ. कागद काढलाच नाही.

काय बोललो ते आठवतं तेवढं लिहितो. मी म्हणालो, चौथीत असताना मी घरी जाहीर केलं होतं की मी कलेक्टर होणार. त्या दिवसापासून आई मला साहेब म्हणायची. साहेब, पान वाढलंय. साहेब, दळण आणा. मी कलेक्टर झालो नाही. स्पर्धा परीक्षेत दोनदा नापास झालो, मग विम्यात चिकटलो. निकाल लागला त्या दिवशी मी माडीवर जाऊन बसलो होतो. आई गुडघे धरत वर आली आणि म्हणाली, साहेब, भाकरी गार होतेय. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, तरी तिने ते सोडलं नाही. जगात एका घरात मी साहेब होतो. बाकी कुठेच नव्हतो, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही, कारण ते एक घर होतं.

एवढं बोलून माइक परत दिला.

रेवती आता म्हणतेय की समोर आई धडधाकट बसलेली आणि तू आपला सारखा होती, होती करत होतास. पण कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या रांगेत पदर डोळ्यांना लागले होते. सासूबाईंनीही शालीने डोळे पुसले. लोकरीची होती, टोचली म्हणाल्या.

भाऊंनी मला मिठी मारली. सगळ्यांसमोर. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते, मी जवळून पाहिलं. माझा हात वर धरून माइकवर म्हणाले, हा आजपासून माझा धाकटा भाऊ. मैदानभर टाळ्या. आराखडा उद्या सकाळी स्वतः नेऊन द्यावा असं ठरवलं. आता कोणी अडवणार नाही.

परतताना रिक्षात सासूबाई घड्याळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या आईबद्दल बोललात ते बरं केलंत जावईबापू, मनात ठेवून काय होणार होतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, पण मी काही तुम्हाला साहेब म्हणणार नाही. मी हसलो. अकरा वर्षांनी मोकळं वाटलं.

संकल्प पूर्ण. मोठा माणूस ओळखतो. नुसता ओळखत नाही, भाऊ मानतो.

८ डिसेंबर, सोमवार

इस्त्रीचा शर्ट घातला. आराखड्याची फाइल घेतली, दोनच मुद्दे आहेत पण फाइल चांगली आहे. दुधाची पिशवी मुद्दाम नेली नाही. नात्याला आता निमित्त लागत नाही.

भाऊ खुर्चीत होते. सुयोग पाठ करून फोनवर बोलत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि हसलो. भाऊही हसले. माझा हात दोन्ही हातांत घेतला, चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, नवीन आलात का इथं?

गंमत करतायत असं वाटून मी मोठ्याने हसलो. तेही मोठ्याने हसले. मग दोघंही थांबलो. हात त्यांच्या हातातच होता.

फाइल पुढे करावीशी वाटली नाही. नाव सांगावंसंही वाटलं नाही. का कोण जाणे, मी सरळ म्हणालो, हो भाऊ, नवीन आहे. आणि माझी आई नाही. अकरा वर्षांपूर्वी वारली. मुलुंडात हे मी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होतो, आणि आवाजही बाथरूममध्ये लागला होता त्याहून साधा लागला.

भाऊ माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे बघत होते. माझा हात थोपटून म्हणाले, छान, छान. जपा त्यांना.

मी म्हणालो, जपतो.